अंधुक उजेडाचे फोटो आणि बंद केलेला बल्ब

दिवे बंद करायला सांगितले म्हणून काहीजण कुजबुजताय, ते ऐकू येतंय. प्रोजेक्टर बिघडलेला नाही. पाच-दहा मिनिटं असंच बसू या. आपल्या डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ आज आपल्याकडे नाही, पण निदान आजच्या विषयाची चव तरी येईल.

आम्ही तिघे आहोत. बोलतोय एकजण, पण मतं तिघांची आहेत आणि चुकाही तिघांच्याच. गेली काही वर्षं डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत रात्री कॅमेरा घेऊन फिरतोय. आता आपल्याकडची बरीच तरुण मुलं हेच करतात. बोर्डीच्या किनाऱ्यावर, घोलवडच्या चिकूवाड्यांमागे, महालक्ष्मीच्या डोंगराच्या पायथ्याशी, अमावस्येच्या आसपास हमखास कुणीतरी ट्रायपॉड लावून उभं असतं. या फोटोंचं कौतुक पुष्कळ होतं, चिकित्सा मात्र होत नाही. गाण्याच्या मैफिलीनंतर आपण 'आज पंचम जरा चढा लागत होता' असं बिनदिक्कत म्हणतो. फोटोला मात्र 'वा, अप्रतिम' यापलीकडे शब्द नाही. म्हणून आज थोडं भांडायचं आहे. मुलांचे फोटो दाखवणार आहोत, त्यांच्या परवानगीनं आणि नाव न घेता. शेवटचे दोन फोटो आमचे आहेत. सगळ्यात जास्त भांडण त्यातल्या एकाशी आहे.

हा पहिला फोटो. बोर्डीचा समुद्र, सुरूच्या झाडांची रांग, आणि वर पोपटी हिरवं आकाश. इतकं हिरवं, की एखाद्याला वाटावं नॉर्वेत काढलाय. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं. त्या १०-११ तारखेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश टिपला. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला फोन सुरू झाले, की 'बोर्डीहून दिसेल का हो?' (हशा) हसू नका, प्रश्न रास्त होता. बोर्डीहून तो प्रकाश दिसत नाही. पण या फोटोतला हिरवा रंग बनावट आहे, असंही म्हणता येत नाही.

तो एअरग्लो आहे, म्हणजे हवेची स्वतःची चमक. दिवसा सूर्याचे अतिनील किरण वरच्या हवेतल्या प्राणवायूचे रेणू फोडतात. रात्री ते अणू पुन्हा जोडले जातात आणि जोडले जाताना साठवलेली ऊर्जा उजेड म्हणून सोडतात. हिरवा उजेड साधारण ९५-१०० किलोमीटर उंचीवर तयार होतो. डहाणूहून लोकलनं बोरिवलीला जाता तेवढं अंतर सरळ डोक्यावर धरा, साधारण तिथे. अँगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८६८ साली ही हिरवी रेषा रात्रीच्या आकाशात ओळखली. ही चमक पृथ्वीवर सगळीकडे रोज रात्री असते, डहाणूवरही आणि दादरवरही. दादरला ती दिव्यांत बुडून जाते एवढंच. अगदी चांदण्यासुद्धा नसत्या, तरी आकाश पूर्ण काळं झालं नसतं.

तर रंग खरा आहे. मग भांडण कशाचं? एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास झोपलेल्या असतात. जाग्या असतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. बोर्डीच्या वाळूवर उभ्या माणसाला हे आकाश राखाडी दिसतं, क्षितिजापासून थोडं वर किंचित उजळ. कॅमेऱ्यानं पंचवीस सेकंद झाकण उघडं ठेवलं, असे पन्नास फोटो एकावर एक रचले, तेव्हा हिरवा दिसला. त्यातही गैर काही नाही. साठवून बघणं हेच तर कॅमेऱ्याचं काम आहे. पण इथे रंगाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली आहे आणि खाली लिहिलंय, 'काल रात्रीचं बोर्डी'. काल रात्रीचं बोर्डी तसं नव्हतं. हे वाचून एक बाई मुंबईहून मुलांना घेऊन आल्या, तासभर थांबल्या आणि फसवल्यासारखं वाटून परत गेल्या. मुलांना खरोखरची गोष्ट दिसत होती, पण ती फोटोसारखी दिसत नव्हती म्हणून बघायची राहून गेली. या फोटोनं केलेलं नुकसान आमच्या मते एवढंच, आणि ते लहान नाही.

याच्या शेजारी दुसरा फोटो ठेवतो. हा सुंदर वाटणार नाही. एक गोल, काळा-पांढरा, आत धुरकट पट्टे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा एक कॅमेरा सगळं आकाश एका गोलात टिपतो. समोर गाळणी लावून फक्त एका रंगाचा उजेड आत घेतो, उदाहरणार्थ ६३० नॅनोमीटरचा लाल, जो साधारण अडीचशे किलोमीटर उंचीवरून येतो. गोलात दक्षिणोत्तर पसरलेले काळे पट्टे दिसतायत का? तिथे आयनांबरात पोकळ्या झाल्या आहेत, त्यांना प्लाझ्माचे बुडबुडे म्हणतात. रेडिओ आणि जीपीएसचे संदेश त्यातून जाताना अडखळतात. हा फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. पण कुठला उजेड, किती वेळ, कुठल्या दिशेला, हे सगळं तो सांगतो. बोर्डीच्या फोटोखाली यातली एक ओळ असती, तर आमची निम्मी तक्रार तिथेच मिटली असती.

या संस्थेवरून एक आठवलं. तिची मुळं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापं बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. विजेपासून लांब पळत कोकण किनारा गाठणारे आम्ही पहिले नाही तर!

आता ज्यासाठी डहाणूचा किनारा खरोखर खास आहे, तो उजेड. झोडियाकल लाइट, मराठीत राशिचक्र-प्रकाश म्हणू. ग्रह ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतात, त्याच पातळीत धूळ पसरलेली आहे. रांगोळीच्या कणांहूनही बारीक कण, धूमकेतूंनी मागे टाकलेले, लघुग्रहांच्या टकरीतून उडालेले. त्यावर सूर्याचा उजेड पडतो आणि तो विखुरलेला उजेड आपल्याला दिसतो. संध्याकाळी तांबूसपणा पूर्ण विरल्यावर, सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासानं, पश्चिमेला एक फिकट सुळका वर चढलेला दिसतो. पहाटे तोच पूर्वेला असतो. जुन्या लोकांना पहाटेचा हा उजेड माहीत होता. मुस्लिम परंपरेत त्याला सुबह-ए-काज़िब, म्हणजे खोटी पहाट म्हणतात. फज्रची वेळ ठरवताना ही खोटी आणि ती खरी, हा भेद करावाच लागे. युरोपात कासिनीनं १६८३ मध्ये त्याचा नीट अभ्यास सुरू केला.

आणि अगदी अलीकडे, २००७ साली, क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं याच धुळीवर पीएच.डी. मिळवली. सत्तरच्या दशकात अर्धवट सोडलेला प्रबंध तीसेक वर्षांनी पूर्ण केला. त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आणि बुलसारा हे आडनाव बुलसारचं, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे लागणाऱ्या वलसाडचं. इराणी-पारशी वाड्यांच्या डहाणूत हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुद्द्यावर येऊ. डहाणू साधारण वीस अंश अक्षांशावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी इथे क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्य-ग्रहांची वाट, पश्चिम क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभी असते. लंडनमध्ये ती बरीच तिरकी. त्यामुळे तिथला सुळका क्षितिजाजवळच्या धुक्यात लोळतो, आपला सरळ उभा राहतो. पश्चिमेला समोर समुद्र, पावसाळ्याची दमट हवा अजून महिने लांब. यापेक्षा चांगली जागा मागायची तरी कुठे?

हा तिसरा फोटो त्याचाच. नरपडच्या किनाऱ्यावरून, मार्चमधला. मांडणी फार चांगली आहे, सुळक्याच्या टोकाला कृत्तिका बरोबर बसवल्यात. पण रंग बघा, जांभळा! या धुळीवरून येतो तो सूर्याचाच उजेड. त्याचा रंग सूर्यासारखाच, फार तर किंचित पिवळट. एअरग्लोच्या हिरव्याला निसर्गात आधार होता, या जांभळ्याला कसलाच नाही. फोटो काढणाऱ्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, 'सर, पांढरा ठेवला तर लोकांना शहराचा उजेड वाटतो.' प्रामाणिक उत्तर होतं. त्यानं आम्हालाही विचार करायला लावलं.

कारण शहराचा उजेड तिथे होताच. त्यानं तो पुसला होता. क्षितिजाशी डाव्या हाताला बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचा पिवळा घुमट असतो, उजवीकडे उंबरगाव, तलासरीहून बघाल तर थेट उत्तरेला वापी. समुद्रात मासेमारी बोटींचे पांढरे दिवे. फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये हा उजेड काढून टाकायची सोय असते आणि सगळे ती सर्रास वापरतात. आम्हीही वापरत होतो. चांदण्या मोजायच्या असतील, तर जरूर वापरा. पण फोटोखाली 'डहाणूचं निर्मळ आकाश' लिहायचं असेल, तर तो घुमट पुसणं म्हणजे पुरावा पुसणं. डहाणू तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. नंतर इथेच ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यावर तुमची-आमची मतं वेगवेगळी असतील, या सभागृहात तर नक्कीच आहेत. पण दहा वर्षांनी कुणी विचारलं की बंदराआधी वाढवणच्या बाजूचं आकाश किती काळं होतं, तर दाखवायला आपल्याकडे काय असेल? पुसलेले फोटो. उजेड किती वाढला हे सांगू शकला असता तो न पुसलेला, थोडा कुरूप फोटो. तो कुणी जपून ठेवत नाही.

चौथा फोटो. हा तुम्ही शंभर वेळा पाहिलाय, इथला नाही तर दुसरीकडचा. आकाशगंगेखाली एक तंबू, आत पिवळा दिवा लावलेला. जगभर हाच फोटो निघतो. आपल्याकडे बोर्डीच्या कॅम्पांमध्ये निघतो. यात तांत्रिक चूक एकही नाही. पण आम्हाला तो बघवत नाही, त्याचं कारण सांगतो.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात, डहाणू-तलासरीच्या गावांत, भूकंपाचे धक्के सुरू झाले. एकामागून एक, महिनोन्‌महिने. १ फेब्रुवारी २०१९ ला मोठे धक्के बसले, एका चिमुरडीचा जीव गेला. लोकांनी घरात झोपणं सोडलं. त्या थंडीत अंगणात, शेतात, सरकारनं उभारलेल्या तंबूंत माणसं रात्री काढत होती. हेच दिवस, फेब्रुवारी, जेव्हा संध्याकाळी पश्चिमेला तो सुळका सरळ उभा असतो. या दोन तालुक्यांत आकाशाखाली सगळ्यात जास्त रात्री कुणी काढल्या असतील, तर त्या लोकांनी. आम्ही तेव्हा नियमित फोटो काढत होतो. धुंदलवाडीला गेलो नाही. गेलो असतो, तर काय काढलं असतं याची आज भीती वाटते, कारण आमच्या हाताला तोपर्यंत एकच फोटो यायला लागला होता: वर आकाशगंगा, खाली उजळलेला तंबू. तंबूत कोण आहे आणि ते घरात का नाही, हा प्रश्न त्या फोटोत शिरायला जागाच नसते. त्या फोटोतला तंबू नेहमी हौशी माणसाचाच असतो.

आता आमचा फोटो. पाचवा. तलासरी तालुक्यात, कुर्झे धरणापलीकडच्या एका पाड्यावरचा. हा आमचा सगळ्यात नावाजलेला फोटो आहे, तुमच्यापैकी काहींच्या भिंतीवर असेल. कुडाचं घर, पूर्ण काळं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंची काळी आकृती. मागे राशिचक्र-प्रकाश, इतका स्पष्ट की पट्टा डोक्यापर्यंत चढलेला दिसतो. खाली आम्ही लिहिलं होतं, 'आदिम काळोख'.

तो काळोख आदिम नव्हता. सोळा मिनिटांचा होता. ओट्यावर एक बल्ब होता आणि तो चौकटीच्या कोपऱ्यात सगळं पांढरं करून टाकत होता. आम्ही म्हणालो, 'आजी, थोडा वेळ तो दिवा बंद कराल का?' त्यांनी लगेच केला. पाहुण्यानं मागितलं, दिलं. आत नातू जेवत होता, त्यानं उरलेलं जेवण काळोखात उरकलं. आम्ही सोळा मिनिटं एकावर एक फोटो घेतले, आभार मानले, बल्ब लावला आणि निघालो. त्या घरात वीज येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. ती यावी म्हणून किती खेटे घातले, हे आजींच्या मुलानं त्याच संध्याकाळी चहा देताना सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं होतं. तरीही 'आदिम' लिहिलं.

पुढच्या खेपेला छापून घेतलेला फोटो त्यांना द्यायला गेलो. आजींनी बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला. मग विचारलं, यात माझं घर कुठलं? काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून आम्ही दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. पटावं असं त्यात काही नव्हतंच.

या प्रसंगानंतर वारली चित्रं आम्ही निराळ्या नजरेनं बघायला लागलो. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आठवा, २०११ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली. गेरूची, मातीची गडद भिंत आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी माणसं, पांढरी गुरं, पांढरी झाडं. लग्नाच्या चौकात सूर्य-चंद्रही असतात, पण ते कोपऱ्यात, माणसांच्या आकाराच्या हिशेबात. उजेड सगळा माणसांकडे. आमच्या फोटोत उलटं झालंय. उजेड सगळा आकाशाला, आणि माणसं काळ्या कागदातून कापल्यासारखी. ज्यांनी स्वतःला शेकडो वर्षं पांढऱ्या रंगात काढलं, त्यांना आम्ही काळं करून त्यांच्याच हातात दिलं.

कुणी म्हणेल, मग काळोख राखायचाच नाही का? राखायचा. त्याचे रीतसर मार्गही आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून नाही टाकले, ते जमिनीकडे तोंड करणारे बसवले. उजेड जिथे हवा तिथे पडतो, आकाशात उधळला जात नाही. तलासरीत महामार्गालगतच्या ढाब्यांचे आणि पेट्रोल पंपांचे फ्लडलाइट तोंड वर करून उभे आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करता येईल. पाड्यावरच्या नऊ वॅटच्या बल्बपासून नको. आमच्या तिघांतला एकजण यावर अजून वाद घालतो. तो म्हणतो, सोळा मिनिटांनी कुणाचं काय बिघडलं? कदाचित काहीच नाही. पण ओट्यावर न जाता पन्नास पावलं लांब शेतात ट्रायपॉड लावला असता, तर आमचंही काही बिघडलं नसतं. तेव्हा सुचलं नाही, कारण आम्हाला झोपडी हवी होती आणि ती काळी हवी होती.

हा शेवटचा. यंदाच्या फेब्रुवारीत काढलाय, तेच घर, तोच ओटा, बल्ब चालू. सोळा मिमी लेन्स, एकच फोटो, वीस सेकंद, काहीही पुसलेलं नाही. उजवीकडचा कोपरा जळलाय, पांढरा फटक. उत्तरेला वापीचा पिवळा घुमट. आजी हलल्यात, त्यामुळे चेहरा थोडा फिसकटलाय. नातू ओट्याच्या कडेला मोबाइलमध्ये बघतोय, त्याच्या नाकावर निळा उजेड. राशिचक्र-प्रकाश कुठाय? कौलांच्या डाव्या टोकाला बघा, वर जाणारा फिकट पट्टा. थोडं बाजूला बघितलं की जास्त कळतो, मघापासून काळोखात बसलाय त्याचा उपयोग होईल. मागच्या रांगेतल्यांना दिसतोय? काहींना दिसत नसेल, तेवढाच अंधुक आहे तो.

स्पर्धेत पाठवला होता, परत आला. परीक्षकांनी कोपऱ्यातल्या दिव्यावर बोट ठेवलं, आणि त्यांच्या निकषांनी ते बरोबरच आहे. आजींनी मात्र यात दार ओळखलं, कोंबड्यांचा खुराडा ओळखला, आणि नातवाला दोन शब्द सुनावले, फोटोतसुद्धा मोबाइल सोडत नाही म्हणून. छापलेला फोटो आता त्यांच्या भिंतीवर मीटरच्या पेटीशेजारी आहे.

दिवे लावा आता. प्रश्न असतील तर घेऊ या.